तीनशे शहाऐंशी दगड

"सही इथं करायची," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी कागदाच्या तळाशी पेन्सिलीने बारीकशी फुली मारून दिली.

मिस्त्रीबाईंनी फुलीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, शर्टाच्या बाहीने पुसला, नाकावर चढवला आणि कागद अगदी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. ओळीखाली बोट ठेवून, एकेक शब्द. क्लबच्या ऑफिसात त्यांना बसायला खुर्ची दिली होती, हेच नवल होतं. आजवर त्या खोलीच्या दारापर्यंतच आल्या होत्या, कारण त्यांच्या पायांना नेहमी सिमेंट असायचं. शेजारच्या खुर्चीत त्यांचा दीर बसला होता. कामं घ्यायचा तो आणि ती करायच्या बाई, अशी घरातली वाटणी होती. तो खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला होता, कधीही उठून 'हो साहेब' म्हणता यावं म्हणून.

कागदावर लिहिलं होतं की तरणतलावाभोवती नैसर्गिक दगडाची फरशी बसवताना माझ्याकडून कामात कसूर झाली, त्यामुळे फरशी निसरडी होऊन तिचे पापुद्रे सुटू लागले, आणि पोहण्याच्या शिक्षिकेला झालेल्या अपघातास सदर कसूर कारणीभूत आहे.

"हे कुणी लिहिलं?" बाईंनी विचारलं.

"ऑफिसनं."

"फरशी ऑफिसनं बसवली का?"

दिराला खोकला आला. सेक्रेटरी मात्र हसले. ते मऊ बोलणारे गृहस्थ होते आणि राग आला की आणखी मऊ बोलायचे. "बाई, यात तुमचं नुकसान काही नाही. आपण ही फरशी सगळी उखडतोय. तिथं सिरॅमिकच्या टाइल्स बसवायच्या आहेत, आणि ते कामही तुमच्याच घरात येणार आहे. फक्त सभासदांना काहीतरी कारण द्यावं लागतं. मॅडमचा हात मोडलाय, लोक विचारतायत. पाच वाजता सभा आहे."

"कारण आहे की तुमच्याकडं. उद्घाटनाच्या समारंभाआधी फरशीवर ते चकचकीत कोटिंग मारून घेतलंत. फोटो चांगले यावेत म्हणून. मी नको म्हटलं होतं."

"ते दगडाच्या संरक्षणासाठी होतं."

"दगड डोंगरात होता तेव्हा कोण करत होतं त्याचं संरक्षण?"

"वहिनी, जरा बाहेर येता का?" दीर उठलाच.

बाहेरच्या व्हरांड्यात त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग दबक्या आवाजात बोलायला सुरुवात केली. तो वाईट माणूस नव्हता. भावाच्या मागे त्याने वहिनीला कधी उपाशी ठेवलं नव्हतं की कधी अपमान केला नव्हता. पण ठेकेदारी करता करता त्याच्या मानेला वाकायची सवय लागली होती, आणि आपली वाकते तर सगळ्यांचीच वाकायला काय हरकत आहे असं त्याला मनापासून वाटायचं.

"एक सही केली तर हात झडणार आहे का तुमचा? उखडायचीच आहे फरशी. कुठल्या फरशीसाठी भांडताय?"

"भाऊजी, उद्या दुसऱ्या कुणी काम द्यायच्या आधी या क्लबला विचारलं की बाईचं काम कसंय, तर हे लोक हा कागद काढून दाखवतील. माझ्याच सहीचा."

"कोण विचारतंय इतकं?"

"मी विचारते ना. माझं मलाच विचारावं लागतं रोज." बाईंचा आवाज चढला. त्यांना राग आला होता आणि तो लपवायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. "कामं मिळवायला तुम्ही किती जणांच्या पाया पडता, त्याला मी कधी नावं ठेवलीत? मग माझ्या कामाचं मला बघू द्या."

त्या तशाच आत गेल्या आणि उभ्या उभ्या सेक्रेटरींना म्हणाल्या, "पाच वाजेपर्यंत तलाव माझ्या ताब्यात द्या. प्रत्येक दगड वाजवून बघते. माझी चूक निघाली तर कागदावर सही करते."

सेक्रेटरींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा झाले होते. इतक्या दगडांत एखादा तरी वाकडा निघणारच, हा हिशोब त्यांनी मनातल्या मनात केला असावा, कारण त्यांनी लगेच होकार दिला. दीर कपाळाला हात लावून म्हणाला, "असं कुणी कबूल करतं का, वहिनी!"

बाईंना कामावरचे लोक मागून टकटकबाई म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नवरा फरशीचा मिस्त्री. लग्नानंतर बारा वर्षं त्यांनी त्याच्या हाताखाली सिमेंट-वाळूचा माल कालवला आणि घमेली वाहिली. मग त्याचे गुडघे गेले. फरशीवाल्याचे गुडघे जातातच. तो पालथ्या बादलीवर बसून तोंडाने सांगायचा आणि बाई दगड बसवायच्या. सुरुवातीला तो प्रत्येक दगडाला शिव्या द्यायचा. पुढे शिव्या कमी झाल्या, मग बंद झाल्या, आणि एक दिवस त्याने नुसतं "हं" केलं. त्या "हं"वर बाईंनी आठवडाभर काम ओढलं असेल.

त्याने शिकवलं ते एवढंच की डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. वरून सगळे दगड सारखेच छान दिसतात. खाली माल पूर्ण भरला आहे की नाही, हे फक्त कानाला कळतं. लाकडी हातोडीच्या दांड्याने टकटक करायची. भरलेला दगड घट्ट 'ठक' बोलतो. खाली पोकळी राहिली असेल तर तो 'डब' करतो. डब केलं की काढायचा, खरवडायचा, पुन्हा बसवायचा. मग कुणी कितीही घाई करो.

नवरा गेल्यावर दिराने सुचवलं होतं की आता घरी बसा, मी दुसरा मिस्त्री बघतो. बाई दुसऱ्याच दिवशी नवऱ्याची थापी पिशवीत घालून कामावर हजर झाल्या होत्या. दुसरा मिस्त्री बघायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

अपघातापासून तलाव बंद होता. पाणी अजून भरलेलं होतं, निळं आणि एकदम स्तब्ध. बाई काठाची फरशी बघायला वाकल्या. त्यांनी बसवला तेव्हा हा दगड पिवळसर करडा, खरबरीत होता. मुलं ओल्या पायांनी धावली तरी पाय धरून ठेवणारा. आता त्यावर काचेसारखा थर होता, आणि त्या थराखाली जागोजागी पांढरे ढग जमले होते. पाणी स्वच्छ राहावं म्हणून तलावात मीठ घालून ते खारं करून ठेवलेलं. ते सांध्यांतून आत जाणार आणि वर कोटिंग असल्यामुळे बाहेर पडायला वाट नाही. मीठ आतच फुलतं आणि दगडाचे पदर सोडवतं. बाईंनी एका दगडावर नख घासलं तर थरासकट पातळ चकती हातात आली.

"काय अवस्था केली रे तुझी," त्या दगडाला म्हणाल्या.

"मला म्हणालात का?" मागून वॉचमन म्हणाला. तो बसायला स्टूल घेऊन आला होता. सेक्रेटरींनी त्याला लक्ष ठेवायला पाठवलं होतं, आणि लक्ष ठेवायचं तर उभ्याने कशाला, असं त्याचं मत होतं.

"तुमची अवस्था बरी आहे. स्टूल आहे तुमच्याकडं."

बाईंनी पोत्याचा तुकडा गुडघ्यांखाली घेतला आणि उथळ बाजूच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. ठक. ठक. प्रत्येक दगड पाच ठिकाणी, चार कोपरे आणि मध्यभाग. वाजवून झाला की खडूची एक रेघ आणि पुढे. ऊन चढलं. वॉचमनने पाणी आणून दिलं आणि विचारलं की किती झाले. "एकशे बारा," बाई म्हणाल्या. सगळे ठक. त्यांची मान हळूहळू ताठ व्हायला लागली. दीड वाजता एकशे नव्वद झाले आणि त्या चक्क गुणगुणायला लागल्या. दीर व्हरांड्यात फेऱ्या मारत होता. लांबून तो दर थोड्या वेळाने हातानेच विचारायचा, काय? आणि बाई हातानेच सांगायच्या, जा.

खोल बाजूच्या शिडीपाशी त्या पोचल्या तेव्हा तीन वाजत आले होते. त्यांनी दांडा आपटला.

डब.

बाई थांबल्या. पुन्हा आपटला. डब. शेजारच्या दगडावर आपटला, तोही डब. त्याच्या पुढचाही. चौथा ठक बोलला. त्या मागे आल्या आणि तिघांवर पुन्हा एकदा टकटक केली, जणू दुसऱ्या वेळी ते काही वेगळं सांगणार होते.

त्यांना सगळं आठवलं. कामाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी सेक्रेटरी पाहुण्यांना घेऊन काम बघायला येणार होते आणि हे तीन दगड राहिले होते. खाली मालाचा पूर्ण थर पसरून बसवायचे तर अंधार झाला असता. बाईंनी प्रत्येक दगडाखाली मालाचे पाच गोळे टाकले, दगड वर ठेवला आणि दाबला. वरून बघाल तर चोख बसलेला. हेच कुणी दुसऱ्याने केलं असतं तर बाईंनी त्याला कामावरून हाकललं असतं. दुसऱ्या दिवशी वाजवून, काढून नीट करू, असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या यायच्या आधीच तलावात पाणी सोडलेलं होतं. आणि आदल्या संध्याकाळी पाहुण्यांतल्या एकाने 'हे काम एका बाईने केलंय?' असं विचारलं होतं, ते कानात इतकं गोड घोळत होतं की बाईंनी ते तीन दगड विसरायचं ठरवलं. ठरवून विसरल्या होत्या त्या. हे त्यांनी आता स्वतःशी कबूल केलं आणि त्यांचे कान तापले.

वॉचमनची स्टुलावर डुलकी लागली होती. दीर लांब होता. डब आणि ठक यांतला फरक त्या आवारात बाईंशिवाय एकालाही कळला नसता. बाईंनी आजूबाजूला पाहिलं, आणि हे खरं सांगायलाच हवं, की खडूची साधी रेघ मारून पुढे सरकावं असं त्यांना वाटलं. थोडा वेळ चांगलंच वाटलं.

मग त्यांनी तिन्ही दगडांवर फुल्या मारल्या. इतक्या मोठ्या, की पलीकडच्या काठावरून दिसाव्यात.

त्या दिसल्याच. दीर धावत आला. "निघाले ना? तरी मी म्हणत होतो! झालं आता, सही करा आणि सुटा. शब्द दिलाय तुम्ही."

"शब्द माझ्या लक्षात आहे. उरलेले वाजवू द्या."

"आता कशाला?"

"मोजायला नको? तीन माझ्या चुकीचे आहेत. बाकीचे कसे आहेत ते कळू दे."

बाकीचे सगळे ठक निघाले. तीनशे शहाऐंशीतले तीन पोकळ. बाई उठल्या तेव्हा त्यांचे गुडघे सरळ होईनात. चार वाजून गेले होते, आणि एक प्रश्न त्यांना दगडापेक्षा जड झाला होता. मॅडम नेमक्या पडल्या कुठे?

मॅडम साडेचारला आल्या, हात प्लास्टरमध्ये आणि गळ्यात झोळी. क्लबमधल्या निम्म्या सभासदांना त्यांनीच पोहायला शिकवलं होतं. साठीच्या बायकांनासुद्धा दमात घेऊन पाण्यात उतरवायच्या त्या. बाईंनी त्यांना दारातच गाठलं.

"मॅडम, कुठं पडलात ते दाखवाल?"

मॅडम काठाने भिंतीला धरून धरून चालत गेल्या आणि खोल बाजूच्या शिडीपाशी थांबल्या. "इथंच. या फुल्या कसल्या?"

बाईंनी फुल्यांकडे बोट दाखवलं. "हे तीन दगड माझ्याकडून नीट बसले नाहीत. खाली पोकळ आहेत. तुम्ही पडलात तेव्हा दगड हलला का पायाखाली? आठवून सांगा. हलला असेल तर मी आत्ता जाऊन सही करते."

"हलला नाही. पाय सरकला. साबणावरून सरकतो तसा."

"मला वाईट वाटेल म्हणून सांगत असाल तर नका सांगू."

"बाई, माझा हात मोडलाय, डोकं नाही," मॅडम करवादल्या. "वीस वर्षं ओल्या काठावर उभं राहून शिकवतेय. पाय सरकणं आणि दगड हलणं यातला फरक मला कळतो."

बाईंनी तिथल्या तिथे निर्णय घेतला. वॉचमनला हलवून जागं केलं आणि स्टोअरमधून रंग काढायचं रसायन मागवलं. तीन पोकळ दगडांतल्या शेवटच्यावर ते ओतलं, फडक्याने पसरलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि कडक ब्रशने घासायला घेतलं. वास नाकात जात होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या घासत होत्या, धूत होत्या, पुन्हा घासत होत्या. काचेसारखा थर चिकट गुंडाळ्या होऊन निघाला आणि खालून जुना पिवळसर करडा दगड वर आला, जागोजागी खरचटलेला, पण खरबरीत. बाईंनी त्यावर तळहात फिरवला.

"मॅडम, सभासदांना इथं घेऊन या. मी काही त्या हॉलमध्ये येणार नाही."

"सेक्रेटरी येऊ देतील?"

"ते येऊ देत नसतील तर सभासदांना पोहायला शिकवलंत तसं दमात घेऊन आणा."

मॅडम हसल्या आणि गेल्या. पाच वाजून दहा मिनिटांनी पंचवीसतीस माणसं काठावर उभी होती. काहीजण बुटांत, काही चपलांत, सगळे भिंतीला चिकटून. सेक्रेटरी सगळ्यांच्या पुढे आणि अतिशय मऊ आवाजात. "बाई, हे काय चाललंय?"

"साहेब, हे दोन दगड. हा फुली मारली होती तो, पोकळ आहे. माझी चूक, मी आधीच सांगते. त्याच्यावरचं कोटिंग मी काढलंय. आणि हा चौथा, भक्कम बसलाय, पहारीशिवाय निघणार नाही. त्याच्यावर तुमचं कोटिंग तसंच आहे." बाईंनी बादलीतलं पाणी दोन्हींवर ओतलं. "आता बूट काढा."

"काय?"

"बूट काढा आणि दोन्हींवर उभं राहून दाखवा. माझ्या कामानं माणूस पडतो की तुमच्या, ते सगळ्यांना दिसेल."

मागे कुणीतरी हसू दाबलं. सेक्रेटरींना माघार घेता येईना. त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत नीट खोचले आणि गोऱ्यापान पावलांनी पोकळ दगडावर उभे राहिले. काही झालं नाही. पाय जागच्या जागी. मग त्यांनी एक पाऊल उचललं, चौथ्या दगडाच्या वर नेलं आणि हवेतच ठेवलं. ओल्या कोटिंगवर संध्याकाळचं ऊन चकाकत होतं. त्यांचा हात आपसूक शिडीच्या दांड्याकडे गेला.

"दांडा सोडून," मॅडम म्हणाल्या. "मला पडताना कुठं मिळाला होता दांडा?"

सेक्रेटरींनी पाऊल मागे घेतलं. पोकळ दगडावरच उभे राहून ते म्हणाले, "सभा आत आहे. सगळ्यांनी आत चलावं."

"आणि सही?" बाई म्हणाल्या.

सेक्रेटरी चमकून वळले. त्यांना वाटलं असावं की बाजी अजून गेलेली नाही. "हो, तुम्ही शब्द दिला होता. चूक निघाली तर सही करणार म्हणून. तीन निघाल्यात."

"म्हणूनच म्हणते, आणा कागद."

कागद दिराने ऑफिसातून सोबत आणला होता. त्याने तो बिचकत पुढे केला. बाईंनी चष्मा चढवला, वॉचमनच्या स्टुलावर कागद ठेवला आणि छापलेल्या मजकुरावर एक आडवी रेघ ओढली. खाली मोकळ्या जागेत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्षर मोठं आणि वेडंवाकडं होतं, पण चारचौघांना वाचता येण्यासारखं. खोल बाजूच्या शिडीजवळचे तीन दगड माझ्याकडून पोकळ बसले. ती माझी कसूर. बाकी तीनशे त्र्याऐंशी दगड भक्कम आहेत. कोटिंग मी केलेलं नाही, करू नका म्हणून सांगितलं होतं. त्याखाली सही.

"हे चालणार नाही," सेक्रेटरी म्हणाले. आवाज इतका मऊ झाला होता की जेमतेम ऐकू आला.

"माझ्याकडं एवढंच आहे. याच्यावर लिहिलेलं एक अक्षर कमी होणार नाही आणि एक वाढणार नाही." बाईंनी कागद त्यांच्याकडे न देता मॅडमच्या चांगल्या हातात दिला. "सभेत तुम्हीच वाचा."

मॅडमनी वाचला. नंतर म्हणे बरीच गरमागरमी झाली. कोटिंग कमिटीच्या सांगण्यावरून केलं होतं, ही गोष्ट सभेच्या इतिवृत्तात आली आणि मॅडमच्या उपचारांची जबाबदारी क्लबने घेतली. पण दगडांनी मात्र सभा जिंकली नाही. एवढ्या सगळ्या फरशीवरचं कोटिंग घासत बसायचं, आणि आतलं मीठ तरीही पापुद्रे सोडवत राहायचं, त्यापेक्षा सगळाच दगड उखडावा असं ठरलं. सिरॅमिकच्या टाइल्स बसवायचं काम दिराला मिळालं, एका अटीवर. त्या बाई आवारात दिसता कामा नयेत.

हे सांगायला तो घरी आला तेव्हा उंबऱ्यातच घुटमळला. बाई भाजी चिरत होत्या.

"मी तरी काय करू, वहिनी? काम सोडलं तर..."

"सोडू नका. घ्या." बाईंनी वर पाहिलं नाही. त्यांना वाईट वाटलं होतं, चांगलंच वाटलं होतं. मिस्त्री म्हणून चौदा वर्षं ज्या घराची कामं त्यांनी पार पाडली होती, त्या घराने त्यांना एका अटीत बाहेर काढलं होतं. "फक्त नव्या मिस्त्रीला सांगा, उतार तलावाकडं नको, बाहेरच्या नाल्याकडं ठेव. नाहीतर सगळा चिखल पाण्यात जाईल."

दीर उंबरा ओलांडून आत आला. मग म्हणाला, "लिहून देता का? माझ्या लक्षात नाही राहणार." बाईंनी हात पुसले आणि लिहून दिलं.

पुढच्या सोमवारी सकाळी साडेसातला त्या क्लबच्या मागच्या फाटकाशी उभ्या होत्या. एका हातात थापी आणि छिन्नीची पिशवी, दुसऱ्या हातात मालाचं अर्धं पोतं. वॉचमनने फाटक उघडलं आणि मग त्याला अट आठवली.

"अहो, तुम्हाला आत सोडायचं नाही असं सांगितलंय."

"बरोबर सांगितलंय. तीन दगड नीट करते आणि जाते."

"बाई, पंधरा दिवसांनी सगळंच उखडणार आहेत!"

"उखडू देत. मी काय अडवतेय? पण उखडतील तेव्हा माझे तीन दगड हातानं उचलून आले नाही पाहिजेत. पोकळ दगड मागं ठेवून मी जाणार नाही."

वॉचमनला हे काही पटलं नाही. पण त्या दिवशी काठावर गोऱ्या पावलांनी उभे असलेले सेक्रेटरी त्याच्या डोळ्यांसमोर आले असावेत. त्याने फाटकाकडे पाठ केली आणि रस्त्यावरची झाडं बघू लागला.

बाईंनी सांध्यांत छिन्नी घातली. तिन्ही दगड फार कष्ट न पडता निघाले. त्यांनी ते पालथे केले. प्रत्येकाच्या पाठीवर मालाचे पाच वाळलेले गोळे होते आणि गोळ्यांवर त्यांच्याच बोटांचे ठसे, घाईघाईने दाबलेले. बाई ते बघत राहिल्या. मग एकेक ठसा छिन्नीने खरवडून काढला, खालची जागा झाडली, पाणी मारलं, माल कालवला आणि थापीने पूर्ण थर पसरला, कुठेही फट न ठेवता. दगड टेकवला. दाबला. पातळी बघितली. दुसरा. तिसरा. सांधे भरले. ऊन डोक्यावर येईपर्यंत एवढंच काम चाललं, आणि तेवढा वेळ त्यांना दुसरं काहीही सुचलं नाही.

उठताना वॉचमनचा हात धरावा लागला.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. ओलं आहे अजून. दोरी आहे का एखादी?"

त्याने दोरी आणून दिली. बाईंनी शिडीचा दांडा, पालथी बादली आणि त्याचं स्टूल यांना धरून तिन्ही दगडांभोवती दोरी बांधली, गाठी नीट ओढून बघितल्या.

"इथं कोण येणारेय पाय ठेवायला?" वॉचमन म्हणाला. "तलाव बंद, क्लबवाले फिरकत नाहीत."

"कुणी का येईना. उद्या सकाळपर्यंत कुणाचा पाय पडता कामा नये," बाई म्हणाल्या. "तुमचासुद्धा."

"आणि माझं स्टूल?"

"आजच्या दिवस उभे राहा."

त्यांनी थापी धुतली, पुसली, पिशवीत घातली आणि फाटकाबाहेर पडल्या. वॉचमन दोरीपाशी जाऊन उभा राहिला.